मुक्काम आणि पोस्ट

"फाईल चालू आहे, जागा हलवायची नाही."

गेल्या महिन्यात हे वाक्य मी तीन वेळा ऐकलं. आधी शेजारच्या सुनेच्या तोंडून, मग तिच्या सासूबाईंच्या आणि मग मोबाईलच्या स्पीकरवरून अमेरिकेत असलेल्या तिच्या नवऱ्याच्या. वाक्य या तिघांपैकी कुणाचंच नव्हतं. ते सुनेच्या अमेरिकेच्या व्हिसाचे कागद बघणाऱ्या एका एजंटाचं. फीचं बोलता बोलता त्याने ते सहज टाकलं आणि कसाऱ्यातल्या एका घरात ते कायदा होऊन बसलं.

हे वाक्य खोटं आहे. त्याची किंमत शेजारची ती पोरगी रोज पहाटे आणि रोज रात्री मोजते आहे, म्हणून आजचं सदर त्याच्यावर.

पोरगी नर्स आहे. जीएनएम करून कल्याणच्या एका रुग्णालयात लागली. सकाळची पाळी असली की पहाटे चारला उठून डबा करायचा आणि काळोखात स्टेशन गाठायचं. दुपारची असली की रात्री कसाऱ्याला उतरेपर्यंत अकरा वाजतात. पुढे वस्तीपर्यंतचा रस्ता दिव्यावाचूनचा. दीर मोटारसायकल घेऊन येतो, त्यालाही सकाळी कामावर जायचं असतं. कसारा लोकल चुकली म्हणजे काय होतं हे या मार्गावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढची लगेच नसते. शिवाय पावसाळ्यात घाटात काही झालं की वेळापत्रक नुसतं भिंतीवर उरतं.

तिच्या मैत्रिणीने आसनगावला खोली घेतली आहे. अर्धं भाडं भरून हीसुद्धा तिथे राहू शकते. आसनगावला बऱ्याच लोकल संपतात आणि तिथूनच परत सुटतात, म्हणजे गाड्या जास्त आणि बसायला जागाही मिळते. उंबरमाळी, खर्डी, तानशेत, आटगाव एवढी स्टेशनं वाचतात. रोजचे दीड-दोन तास हातात येतात. एवढीच तिची मागणी.

"काकू, खोली बघून आले. पण घरात म्हणतात, फाईल निघेपर्यंत थांब."

"कधी निघेल फाईल?"

"ते कुणालाच माहीत नाही."

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना नुसती तळमळ कामाला येत नाही.

नवऱ्याला ग्रीनकार्ड आधी मिळालं, लग्न नंतर झालं. हा क्रम उलटा असता तर ती त्याच्याच अर्जाच्या आधाराने मागोमाग जाऊ शकली असती. लग्न नंतरचं, म्हणून नवऱ्याने तिच्यासाठी वेगळा अर्ज केला. त्याचं नाव आय-१३०. त्यामुळे ती एफ-२ए नावाच्या रांगेत उभी राहिली. ग्रीनकार्डधारकांच्या बायका, नवरे आणि लहान मुलं यांची ही रांग. वर्षाला ठरावीक संख्येनेच व्हिसा दिले जातात, म्हणून ती वर्षानुवर्षं चालते. नवरा पुढे अमेरिकेचा नागरिक झाला तर ही रांग सुटते, पण त्यासाठीही कार्ड हाती आल्यापासून साधारण पाच वर्षं जावी लागतात.

या रांगेतली तिची जागा एका तारखेने ठरते. अर्ज दाखल झाला ती तारीख. तिला प्रायॉरिटी डेट म्हणतात. रांग कुठल्या तारखेपर्यंत सरकली ते अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. पोरीने खोली बदलली, गाव बदललं, तालुका बदलला, तरी ती तारीख जिथल्या तिथे राहते. रांगेतून कुणी तिला मागे ढकलत नाही.

पुढचा मुद्दा त्याहून मोठा आहे. रांग जवळ आली की तिला डीएस-२६० नावाचा अर्ज भरावा लागेल. त्यात एक रकाना असा आहे: वयाच्या सोळाव्या वर्षापासून तुम्ही जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते. सगळे. अर्ज बनवणाऱ्याने माणूस घर बदलतो हे गृहीतच धरलं आहे आणि प्रत्येक घरासाठी ओळ ठेवली आहे. आसनगावची खोली ही त्या यादीतली आणखी एक ओळ. तेवढाच तिचा भार.

मी तिला कागद-पेन घेऊन बसवलं आणि म्हटलं, लिही. पहिलं आलं माहेर, मुरबाड तालुक्यातलं. दुसरं नर्सिंगच्या वसतिगृहाची खोली. तिसरं सासर, कसारा. पंचविशी गाठायच्या आत तीन घरं आणि त्यातलं एकही तिच्या नावावर नाही. बाईच्या आयुष्यात घर बदलणं इतकं ठरलेलं असतं की लग्नाच्या दिवशी तिचा पत्ता बदलतो तेव्हा कुणीही म्हणत नाही, थांबा, हिचे काही कागद चालू आहेत का बघा. तेव्हा आधार, पॅन, बँक, रेशनकार्ड, मतदार यादी सगळं हलतं. मग स्वतःच्या नोकरीसाठी स्वतःच्या पगारातून ती एक खोली घेते म्हटल्यावरच फाईल आडवी का यावी?

नवऱ्याचं ऐकून तर मला संताप आला. अर्ज केल्यापासून त्या मुलाने स्वतः तीन घरं बदलली आहेत. एकदा नोकरी बदलली म्हणून, एकदा भाडं वाढलं म्हणून, एकदा ऑफिस लांब पडतं म्हणून. ऑफिस लांब पडतं म्हणून! मी स्पीकरवर विचारलं, "बाळा, तुझ्या घर बदलण्याने फाईल थांबली का?" तो म्हणाला, "नाही काकू, इथे ऑनलाइन पत्ता बदलतात, दहा मिनिटांचं काम आहे." मग जरा थांबून म्हणाला, "पण एजंट म्हणाला होता की तिकडे..." पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही.

खरं तर पत्त्याची सक्ती त्याच्यावर आहे, तिच्यावर नाही. अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी माणसाने घर बदलल्यापासून दहा दिवसांत तिथल्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेला कळवावं लागतं. ऑनलाइन खात्यातून किंवा एआर-११ या फॉर्मवर. ग्रीनकार्डधारकालाही हे चुकत नाही. न कळवणं हा तिथे दंडाचा गुन्हा आहे. तिथल्या टपाल खात्याला नवीन पत्ता सांगितला म्हणजे या खात्यालाही समजला असं होत नाही, दोन्हीकडे वेगवेगळं कळवावं लागतं. तो मुलगा हे नियमाने करतो, चांगलं करतो. मग जे त्याच्यासाठी दहा मिनिटांचं काम आहे ते तिच्यासाठी पाप कसं झालं?

फाईल बुडते ती कशाने, तेही सांगते. गप्प राहण्याने बुडते. व्हिसाचा नंबर लागल्याचं कळवल्यानंतर एका वर्षात अर्जदाराने पुढची पावलं उचलली नाहीत, तर कायद्याने त्याची नोंद रद्द होते. आपल्या हाताबाहेरच्या कारणाने राहून गेलं हे दोन वर्षांच्या आत पटवून दिलं तर ती पुन्हा जिवंत होऊ शकते, पण ते पटवत बसायची पाळी कुणावरही येऊ नये. आणि हे कळवणं येतं कुठे? आता बहुतेक सगळं ईमेलवर. नॅशनल व्हिसा सेंटर कसाऱ्याच्या पोस्टमनकडे पाकीट देऊन वाट बघत बसत नाही. ते ईमेल पाठवतं आणि ऑनलाइन खात्यात संदेश टाकतं.

म्हणून मी तिला विचारलं, "फाईलला कुठला ईमेल दिलाय?"

"एजंटने बनवलेला."

"पासवर्ड?"

"त्याच्याकडे. आणि भावोजींकडे."

घ्या. पोरीच्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या कागदाची किल्ली दोन पुरुषांच्या खिशात आणि ती स्वतः मात्र जागेवरून हलायचं नाही म्हणून कसाऱ्याला अडकलेली! उद्या एजंटाने धंदा बंद केला, नंबर बदलला, तिचा ईमेल उघडायला विसरला, तर ती सासरच्या ओट्यावर दहा वर्षं बसून राहिली तरी काही उपयोग नाही. तिचा खरा पत्ता आता तो ईमेल आहे आणि तो परक्याच्या ताब्यात आहे. ज्यांना फाईलची काळजी आहे त्यांनी आधी तिथे हात घालावा.

सासूबाईंवर मात्र माझा राग नाही. त्यांची भीती खरी आहे आणि ती या मातीत उगवलेली आहे. शहापूर-मुरबाडच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहिलं की जागा हलली की हक्क गेला. दिवाळी झाली की आमच्या वाड्या-पाड्यांतली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाला परततात. मधल्या सहा-सात महिन्यांत पोराचं नाव शाळेच्या हजेरीत लाल होतं, जातीच्या दाखल्याची चौकशी येऊन जाते, घरकुलाच्या यादीसाठी कुणी पाहणीला येतं आणि दाराला कुलूप बघून परत जातं. शेऱ्यात लिहिलं जातं, "पत्त्यावर आढळून आले नाहीत." एका कुलपापायी वर्ष वाया. एक देश एक रेशनकार्ड आल्यापासून निदान धान्य तरी दुसऱ्या गावी मिळू शकतं. बाकीच्या कागदांना अजून पाय फुटलेले नाहीत.

धरणांची गोष्ट तर प्रत्येक घराला पाठ आहे. १८९२चा तानसा, मग मोडकसागर, मग भातसा, २०१४चा मध्य वैतरणा. पाणी मुंबईला गेलं, गावं उठली आणि आमच्या कित्येक वाड्यांत उन्हाळ्यात आजही टँकर येतो. धरण उशाशी आणि कोरड घशाशी. अलीकडे समृद्धी महामार्ग झाला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला आणि तो आमच्याच तालुक्यातून गेला. मोबदल्याच्या वेळी ज्याचं नाव सातबाऱ्यावर आणि जो जागेवर हजर, त्याचं ऐकलं गेलं. कुळाने, भावाने, मुंबईला गेलेल्या मुलाने उशिरा येऊन काय केलं ते विचारू नका. अशा गावात एखादी म्हातारी म्हणत असेल, "बाई, कागद हातात पडेस्तोवर पाय हलवू नको," तर तिला अडाणी म्हणायची माझी छाती नाही. तिने जे बघितलं तेच ती सांगते आहे.

फक्त हा कागद त्या जातीचा नाही. इथे कुणी जागेची पाहणी करून हक्क देणार नाही. लग्न खरं आहे का, मुलगी तीच आहे का, नवरा तिला पोसू शकतो का, हेच मुख्यतः तपासलं जाणार. दाराला कुलूप असलं तरी लग्न मोडत नाही.

आनंदीबाईंची आठवण इथे येते आणि ती मुद्दाम ओढून आणलेली नाही, कारण त्यांचं गाव आमच्याच लोकलच्या वाटेवर आहे. ३१ मार्च १८६५, जन्म कल्याणचा. नऊ वर्षांच्या असताना लग्न झालं ते गोपाळराव जोशांशी आणि गोपाळराव नोकरीला होते टपाल खात्यात. बायकोला शिकवायचं, अमेरिकेला धाडायचं हे त्यांच्या डोक्यात पक्कं. त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डरने तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईने तो दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचला. त्या बाईने आनंदीबाईंना पत्र लिहिलं, उत्तर गेलं, आणखी पत्रं आली.

या सगळ्या वर्षांत जोशांचं बिऱ्हाड एका जागी होतं का? गोपाळरावांची बदली ठरलेली. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. श्रीरामपूर म्हणजे नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. एका मुलखातून दुसऱ्या मुलखात, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत त्या मुलीने चूल हलवली. मधल्या काळात चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. २४ फेब्रुवारी १८८३ला श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून तिने आपण अमेरिकेला का जातो ते लोकांना इंग्रजीत सांगितलं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट, जूनमध्ये न्यूयॉर्क आणि बंदरावर उतरवून घ्यायला त्याच कार्पेंटरबाई. ११ मार्च १८८६ला पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात मृत्यू, वयाच्या बाविसाव्या वर्षात. अस्थी मात्र पुन्हा अमेरिकेला गेल्या, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत.

त्या काळी हिंदी माणसाला अमेरिकेचा व्हिसा लागत नव्हता हे खरं. चिनी मजुरांना दार लावणारा कायदा आदल्याच वर्षी, १८८२ला झाला होता. आपल्यासाठी ते दार १९१७ला लागलं आणि १९४६ला किलकिलं झालं तेव्हा वर्षाला शंभर हिंदी माणसं एवढाच कोटा होता. म्हणजे कागदाचा जाच आनंदीबाईंना आजच्याएवढा नव्हता. पण वाट बघणं होतंच. तीन वर्षं पत्रांवर जगणं होतं. तरी "पत्र चुकेल, म्हणून बदलीला येऊ नकोस," असं गोपाळरावांनी बायकोला म्हटलं नाही. पत्र पत्त्याच्या मागे धावतं हे टपालातल्या माणसाला ठाऊक होतं. गोपाळराव हट्टी होते, तापट होते, त्यांचं सगळंच काही गोड मानून घ्यावं असं नाही. पण हे एक त्यांना कळत होतं.

टपालाचाच विषय निघाला आहे तर आणखी एका मराठी माणसाचं नाव घेते. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली पिनकोडची सहा आकड्यांची पद्धत त्यांची. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारं अक्षर, या सगळ्यातून पत्र माणसापर्यंत पोचावं म्हणून ती आली. पत्ता माणसाच्या सोयीसाठी असतो. माणसाला पत्त्यावर बांधून घालण्यासाठी तो कुणी शोधला नाही.

आणि एक हिशेब करू. महाराष्ट्रात भाड्याचं घर म्हणजे बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा करार. अकरा महिने झाले की नवा करार, नवं भाडं, नाहीतर नवी जागा. बायकोच्या कागदांची रांग दोन, तीन, चार वर्षं चालणार. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने जागा हलवायचीच नाही असं ठरवलं तर ते घरमालक मागेल ते भाडं देत राहणार. "जागा बदलू नका" हा सल्ला स्वतःचं घर असलेल्यांनाच परवडतो. भाडेकरूच्या बायकोला तो ऐकवणं म्हणजे तिला घरमालकाच्या हाती देणं.

दुसऱ्या काही देशांत घर हाच कागद असतो, हे मात्र ध्यानात ठेवावं. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलवायचं तर राहायला पुरेशी, दाटी नसलेली जागा आहे हे दाखवावं लागतं. वर वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्न, एप्रिल २०२४पासून. तिथे नवऱ्याने मधेच मोठ्या घरातून चौघांच्या वाटणीच्या खोलीत जाणं खरोखर अर्जावर येऊ शकतं. दुबईत कुटुंबाचा व्हिसा काढायला नोंदलेला भाडेकरार जोडावा लागतो. दोन्हीकडे प्रश्न तिकडच्या घराचा आहे. इकडे कसाऱ्याची सून आसनगावला गेली की खर्डीला, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. आपल्या देशातही, भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला नोंदणीने नागरिकत्व मागायचं तर आधी सात वर्षं इथे राहावं लागतं. अकरा महिन्यांच्या हिशेबाने सात वर्षांत किती घरं होतील? ती माणसं घर बदलतात, नव्या जागेची नोंद करतात आणि पुढे जातात.

एका ठिकाणी मात्र तिने सावध राहायला हवं आणि ते मी तिला दोनदा सांगितलं. मुलाखतीआधी तिला पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला लागेल, पीसीसी. तो पासपोर्ट कार्यालयातून मिळतो आणि त्यासाठी पोलीस राहत्या पत्त्यावर चौकशी करू शकतात. राहायचं आसनगावला आणि अर्जात लिहायचं कसारा, असं केलं की पंचाईत. चौकशीचा माणूस कसाऱ्याला येणार, ती कल्याणला ड्युटीवर आणि शेऱ्यात पुन्हा तेच, आढळून आली नाही. जिथे राहतेस तिथलं लिही. भाडेकराराची नोंदणी करून घे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो आणि तो तुझ्या पत्त्याचा पुरावा होतो. करारावर मैत्रिणीबरोबर तुझंही नाव हवं. नुसतं "मैत्रिणीकडे राहते" म्हणून चालणार नाही.

हे शेवटचं सांगताना माझा आवाज चढला असावा. कारण बाईच्या नावावर लाईट बिल नसतं, घरपट्टी नसते, करार नसतो. आधारवरचा पत्ता बदलायला कागद नाही म्हणून २०२३पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची सोय आली. सोय चांगली आहे, अडलेल्यांना उपयोगी पडते. पण ज्या घरात कुटुंबप्रमुखच म्हणतो जागा हलवायची नाही, तिथे ती संमती मिळणार कुठून? म्हणून करारावर नाव. स्वतःचं.

गेल्या रविवारी ती गेली. सामान फार नव्हतं. दोन बॅगा, एक गादी, शेगडी, मसाल्याचा डबा. लोकलच्या मालडब्यात सगळं मावलं. दीर सोडायला आला होता, तोच पुढे होऊन गादी चढवत होता. आता त्यालाही रात्री अकराला उठावं लागणार नाही. आधी शनिवारी आम्ही दोघींनी नवा ईमेल उघडला, नवऱ्याला फोन करून सगळीकडे तोच कळवायला सांगितलं आणि पासवर्ड तिने वहीत लिहून वही पर्समध्ये ठेवली. एजंटाला मी काही बोलले नाही. तिनेच फोन केला आणि सांगितलं की फाईलचे सगळे कागद मला पाठवा. तीन वेळा सांगितल्यावर त्याने पाठवले.

सासूबाई फाटकापर्यंत आल्या. नाराज होत्या आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"आणि अमेरिकेचं पत्र इथंच आलं तर?"

"ईमेल येतो, आई. माझ्या फोनवर."

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आला की मला फोन कर. आणि नुसतं आलं म्हणू नको, काय लिहिलंय ते सगळं वाचून दाखव."